मंत्र्याची पोरगी आणि बग्गीवाला

माधवनगर, रविवार, जेवणाआधी. १९७३

अजून हसू आवरत नाही. दिवेलागणीला गिरणीच्या मैदानात जुना मुका सिनेमा दाखवला. मंत्र्याच्या मुलीचं बग्गीवाल्यावर प्रेम असतं. मंत्री मात्र ‘सगळी माणसं समान’ म्हणत मतं मागत हिंडतो. संवादांच्या पाट्या इंग्रजी, म्हणून पडद्याशेजारी उभा राहून वसंत मराठीत सांगत होता. गिरणीत मागावर काम करणारा वसंत. माझा वसंत, पण हे घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि माझ्या शेजारी बसलेले आबा, माझे वडील, म्हणजे उसाचे बागायतदार, दोनदा आमदार म्हणून निवडून आलेले!

मंत्र्यानं बग्गीवाल्याला हाकललं, तसे आबाच ओरडले, “आरं, भाषणात समान म्हणतूस न्हवं? मग दे की पोरगी त्याला!”

सगळं मैदान हसलं. वसंतची वाचाच बसली. पडद्यावर तोंडं हलतायत आणि हा नुसता आबांकडे बघतोय! लोक ओरडले, “बोल की रं गड्या!” त्याचं ते उघडं राहिलेलं तोंड डोळ्यांपुढून जात नाही.

परतताना वाटेत मी सांगूनच टाकलं. एवढा धीर कुठून आला मला? “आबा, त्यो सिनेमा सांगणारा... मला त्याच्याशीच लगीन करायचंय.”

आबा थांबले. मग म्हणाले, “सगळ्या गावादेखत बोलून बसलोय. आता माघार कशी घ्यायची?” आणि स्वतःच हसत सुटले. “बोलव त्याला घरी. पर माझ्याम्होरं असा मुका बसला, तर न्हाई द्यायचो.”