सातवं राज्य

सोमवार, ६ नोव्हेंबर १७८६. न्यूयॉर्क.
आजपासून रोज लिहायचं. वही कुणाला दाखवायची नाही, बायकोला, मेहिटेबललासुद्धा. ती तिकडे घरी एक्झेटरला गाई सांभाळते आहे, मी इथे देश सांभाळतो आहे.
भाषण तयार. विषय मापं. तेरा राज्यांत तेरा तऱ्हेची पिंपं, असा देश चालेल कसा? अठ्ठेचाळीस पानं झाली. काँग्रेस, म्हणजे तेरा राज्यांची सभा, भरली की पहिला मीच उठणार.
आज काँग्रेसच्या नव्या वर्षाची पहिली बैठक. सात राज्यं आली की कोरम. आली चार. उद्या येतील.

७ नोव्हेंबर.
आली नाहीत.

२० नोव्हेंबर.
रोज लिहिणं जमलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालं नाही. दहाला सिटी हॉलमध्ये जातो, शेकोटीशी बसतो, भाषण मनातल्या मनात म्हणतो. गेल्या वर्षीचे निम्मे चेहरे गायब. कुणी शेताकडे गेला, कुणी न्यायाधीश झाला, एकाने लग्न केलं आणि पत्र पाठवलं की आता सवड नाही. नवे येतात, टोपी कुठे टांगायची ते शिकेपर्यंत त्यांची मुदत संपते. काँग्रेसची धर्मशाळा झाली आहे. टिकून आहे तो एक न्यू हॅम्पशायरचा झॅकियस टिल्टन, म्हणजे मी.

११ डिसेंबर, सकाळी.
कारकून बोगार्ट मोजून म्हणाला, सहा. मी मोजली तर सात. त्याला पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा सहाच. एवढ्या मोठ्या देशाचा कारकून आणि गणित असं कच्चं. तक्रार करायची.

त्याच दिवशी, जेवणानंतर.
हे मी कर्नल मॉन्फोर्टना सांगितलं. कर्नल जॉर्जियाचे प्रतिनिधी, माझ्यासारखेच ऑन्डरडोंकबाईंच्या खानावळीत राहतात. जीभ तिखट. म्हणाले, "अहो टिल्टन, एका राज्याची निदान दोन माणसं असली तरच राज्य हजर धरतात. तुमचं दुसरं माणूस कुठंय? पाच आठवडे आम्ही सगळे तुमच्यासाठीच शेकत बसलोय." बाई कोबी वाढता वाढता हसल्या.
नियम मला ठाऊक होता. लक्षात नव्हता, एवढंच.
आणि जॉर्जियाची दोन माणसं आहेत, त्याचा तरी काय उपयोग? दोघांचं कशातच पटत नाही. एक हो म्हणतो, दुसरा नाही. दोघांत मत विभागलं की त्या राज्याचं मत धरतच नाहीत. हे मी कर्नलना चांगलंच सुनावलं. जिना चढताना, मनात.

१२ डिसेंबर.
घरी, न्यू हॅम्पशायरच्या सरकारला पत्र टाकलं. एक माणूस ताबडतोब पाठवा, कुणीही चालेल. अक्कल नसली तरी हरकत नाही, श्वास चालू हवा. अक्कल मी पुरवीन.

१ जानेवारी १७८७.
नव्या वर्षाचे संकल्प: भाषण छोटं करायचं. दारू बंद. कर्नलशी वाद नाही.
पण इथल्या डच लोकांत आज घरोघर जायची रीत. सगळीकडे केक आणि चेरीची ब्रँडी. नाही म्हटलं तर वाईट दिसतं. चौथ्या घरी कर्नल भेटले, तिथे वाद झाला. संकल्प उद्यापासून. भाषण बावन्न पानांवर गेलं.

९ जानेवारी.
कर्नलनी आज नवंच काढलं. सहा वर्षांत एका माणसाला काँग्रेसमध्ये तीनच वर्षं बसता येतं, आणि माझी तीन येत्या पंधरा तारखेला भरतात म्हणे.
विचार केला. कोरम नव्हता ते दिवस धरायचे कशाला? ते वगळले तर मी फक्त एकशे अकरा दिवस बसलो आहे. म्हणजे अजून अडीच वर्षं तरी निघतात. हे सविस्तर मांडून बोगार्टला दिलं. त्याने वाचलं, नीट घडी घातली आणि शेकोटीत टाकलं. चुकून पडलं असेल.

१६ जानेवारी.
बर्फातून टपालगाडी आली. एक मागितला होता, दोन उतरले. पहिले जोथाम पीझली, आमच्या गावचे चामडेवाले. दुसरा ॲमॉस. माझा मेहुणा.
म्हणाला, "भावोजी, तुम्ही लिहिलंत ना, कुणीही चालेल. मग म्हटलं आपणच जाऊ. तुमची मुदत काल संपली. ताईनं सांगितलंय, शुक्रवारच्या गाडीनं निघा. हे मोजे दिलेत."
ॲमॉस न्यू हॅम्पशायरचा प्रतिनिधी. ज्याला गाय पान्हवताना दोन जण लागतात.

१७ जानेवारी, दुपारी.
सात राज्यं. कोरम.
बैठक बंद दाराआड असते. दारवान मला तीन वर्षं ओळखतो. त्याने अदबीने मान लववली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर बाकावर बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
भाषण ॲमॉसकडे दिलं होतं. तासाभराने बाहेर आला. "भावोजी, पीझलीकाका म्हणाले, पिंपांचं पुढच्या वर्षी बघू."
निघताना बोगार्टला माझ्या नावाच्या नोंदी दाखवायला सांगितल्या. पान उलटलं की तेच: टिल्टन हजर, एकटे. अक्षर मात्र सुरेख आहे त्याचं.

२७ जानेवारी. एक्झेटर.
घरी पोचलो. गाई मजेत. मोजे उबदार.
हिंमत हरायची नाही. जेवायच्या आधी रीतसर ठराव मांडला: रोज रात्रीच्या जेवणानंतर भाषणाची दहा पानं मोठ्याने वाचण्यात यावीत. घरात दोन माणसं, म्हणजे कोरमची चिंताच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.
मी म्हटलं, हो.
मेहिटेबल घेवडा ढवळत म्हणाली, "नाही."
मत विभागलं. धरलं नाही.