माकडांशेजारची वटवाघळं

४ ऑगस्ट
सोमवारी लॅब रंगवायला घेणार. भिंतीवर देवरे सरांनी काढलेला प्राण्यांचा वंशवृक्ष आहे, मी त्यांच्या हाताखाली शिकत होते तेव्हाचा. त्यात फळं खाणारी मोठी वटवाघळं माकडांशेजारच्या फांदीवर. तेव्हा काहीजण तसं मानायचे, डीएनएनं ते खोडलं. मी इतकी वर्षं त्या फांदीकडे पाठ करून शिकवते. आज वर्गात इगतपुरीची वैशाली उठली. "मॅडम, पुस्तकात येगळं नि भिंतीवर येगळं. खरं काय हाय?"
खरं ते सांगितलं. पण सरांना न विचारता पुसायचं?

६ ऑगस्ट
गंगापूर रोडला सरांकडे. आढेवेढे न घेता सांगितलं, ती फांदी चुकीची ठरली, भिंत रंगवणार आहेत.
"आणि डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या नसा? माकडासारख्याच आहेत. मी स्वतः पाहिल्यात."
"नसा खऱ्या आहेत सर. पण नातं त्यावरून नाही ठरत. ही मोठी वटवाघळं त्या नाकावर घोड्याच्या नालासारखी घडी असलेल्या छोट्या वटवाघळांची जवळची निघाली."
सरांनी चष्मा काढून ठेवला. मग, "म्हणजे रिटायर होईपर्यंत पोरांना चुकीचं सांगितलं मी."
चहा तसाच राहिला.

८ ऑगस्ट
सरांच्या घरून काकूंचा फोन. सर नीट जेवत नाहीत, जुन्या वह्या काढून बसलेत. डिपार्टमेंटमध्ये बाकीचे म्हणतात, सरळ पुसून टाकायचं होतं, त्यांना कोण सांगायला जातंय. तेही खरंच. रंगाचं काम गुरुवारवर ढकललं. संध्याकाळी वटवाघळांच्या डीएनएवरचे नवे पेपर मोठ्या अक्षरात छापून काकूंच्या हातात देऊन आले. सर बाहेर आले नाहीत.

१२ ऑगस्ट
प्रॅक्टिकल चालू असताना सर दारात. न कळवता, रिक्षानं. स्टूल ओढून भिंतीसमोर बसले, मुलींना जवळ बोलावलं.
"हे मी काढलं. चुकलंय. का चुकलं, ते नीट ऐका."
तासभर बोलले. इतकं सुंदर त्यांनी आम्हालाही शिकवलं नव्हतं. मी मागे, सिंकपाशी उभी.
शेवटी वैशालीनं विचारलं, "सर, छोटी वटवाघळं आवाज काढून अंधारात वाट काढत्यात. मोठी बहुतेक डोळ्यांनी. मग त्यांचा आवाज हरवला, का कधी नव्हताच?"
सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अजून वाद आहे.
"शोध," ते तिला म्हणाले. "सापडलं तर घरी येऊन सांग."
मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. पायरी उतरताना त्यांनी माझा हात धरला, रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.
रविवारी जावं का त्यांच्याकडे? वैशालीला घेऊन की एकटीनं?