हातमोजे पाठवू नकोस

देवरी
वैशाख पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय फुलवंता,

सप्रेम जयभीम, आणि तुमच्या घरचं जय सेवा.

पार्सल परवा पोचलं. पिंकीचं होस्टेलातलं आलेलं सामान असं: जर्सी दोन, ट्रॅकसूट एक, बूट एक जोडी, नडगीला बांधायच्या पट्ट्या, चादर, स्टीलचा गिलास आणि टॉवेलात गुंडाळलेला बाबासाहेबांचा छोटा फोटो, काच शाबूत. वर तिकिटं तीनशे बारा रुपयांची. ते तू स्वतःच्या खिशातून लावलेस हे मला कळतं, म्हणून तेवढे पैसे तुझ्या आईकडे दरेकशाला पोचते करते. नको म्हणू नकोस, मी ते वहीत मांडूनही टाकले. फक्त पिंकीचे गोलकीपरचे हातमोजे आले नाहीत. खोका दोनदा झटकला, टॉवेलाची घडीसुद्धा उलगडली. पिंकी बाजूला उभी राहून पाहत होती. त्या हातमोज्यांचं शेवटी लिहिते.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. पण फोनवर पिंकीचं नाव निघालं की तुझा सराव सुरू होतो, नाहीतर कोणीतरी तुला हाका मारतं. मी दहावी पास बाई असले तरी एवढं कळतं, बाई. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

परवा आवरताना तुम्हा दोघींचा शाळेच्या फुटबॉलच्या जिल्हा स्पर्धेतला फोटो सापडला. पायात बूट नाहीत, केसांना तेल चोपडलेलं, आणि तू पिंकीच्या पुढे अशी उभी की तिचा अर्धा चेहरा तुझ्या खांद्यामागे. त्या आठवड्यात तू आमच्याकडे राहिली होतीस. संध्याकाळी वंदना सुरू झाली की तू दाराशी पाय पोटाशी घेऊन बसायचीस, आणि तिसऱ्या दिवशी पिंकीचं काही चुकलं तर तूच खुणेनं दाखवायला लागलीस. पिंकीचे बाबा हसून म्हणाले होते, ही बिना दीक्षेची सगळं शिकून राहिली. पुढे दोघींना एकाच क्लबनं कोलकात्याला नेलं, खेळायचा पगार लागला, तेव्हा मला धीर होता तो क्लबचा नाही, तुझा होता. गोलात पिंकी आणि तिच्यापुढे तू.

पिंकीला लागलं त्या सामन्याचं मी तुला कधी विचारलं नाही. पिंकी चेंडूवर पालथी पडली आणि पुढच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. आम्ही मोबाईलवर पाहत होतो. पाण्याची पिशवी घेऊन एकजण धावत आला, पिंकीनं हात हलवला आणि खेळ पुन्हा सुरू. नंतर साधा घरंगळत आलेला चेंडू तिच्या हाताखालून गेला, तेव्हा बाबा चिडले आणि मी मात्र मोबाईल जवळ ओढून तिचा चेहरा पाहिला. तो चेंडू तिनं सातवीतही सोडला नसता. फोन केला तर म्हणते, "आई, मले काई झालं नाई, तू कायले घाबरून राहिली?" दुसऱ्या दिवशी क्लबच्या बाईंनी तपासलं, डोक्याला मार बसलाय का ते पाहायला पाच शब्द सांगून तेच परत विचारले, पिंकीनं ते धडाधड म्हटले आणि पास झाली. हाथी, कुर्सी, नींबू, घंटी, सडक. आता पिंकीच सांगते की दरवेळी तेच पाच शब्द असायचे आणि होस्टेलातल्या मुलींना ते झोपेतही पाठ होते. मला हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो.

पण पंचशील काही क्लबनं ठरवलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी आम्ही मायलेकी फोनवर वंदना म्हणतो हे तुला माहीतच आहे, तू बाजूच्या पलंगावरच असायचीस. त्या संध्याकाळी ती दुसऱ्या शिलावरून परत पहिल्यावर आली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच घसरली. चार वर्षांची असल्यापासून जे तोंडात बसलंय ते तिला सापडेना. मी म्हटलं, फोन फुलवंताला दे. तू फोन घेतलास. मग हळूच म्हणालीस, "काकू, मीनं आयकलं." एवढंच. तिनं तुला बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवायला लावून वचन घेतलं होतं, की उलट्यांचं आणि उजेड सहन होत नसल्याचं कोणाला सांगायचं नाही, हे मला फार नंतर कळलं. पुढच्या सामन्याला निवड करणारे येणार होते ना. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं.

तू कोणाकोणाकडे गेलीस तेही आता कळलं. प्रशिक्षक म्हणाले, तपासणीत पास आहे. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, मी फक्त सल्ला देते, खेळवायचं की नाही ते प्रशिक्षक ठरवतात. मॅनेजर म्हणाले, लडकी खुद बोल रही है ठीक है. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार, आणि मध्ये माझ्या पोरीचं डोकं.

त्या पुढच्या सामन्याआधी दोन्ही संघ रांगेत उभे होते, पंचबाई एकेकीचा हात हातात घेत येत होत्या. तुझ्यापाशी आल्या आणि रांग थांबली. बाबा म्हणाले, "हे काऊन थांबून राहिले?" मोबाईल अडकला असेल म्हणून त्यांनी तो हलवलासुद्धा. अडकला नव्हता. तू पंचबाईंचा हात धरला होतास आणि सोडतच नव्हतीस, काहीतरी सांगत होतीस, आणि त्या वाकून ऐकत होत्या. मग त्यांनी सामन्याच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पिंकीला सरळ रेषेत पायापुढे पाय टाकून चालायला लावलं, आणि ती तिरपी गेली. फुलवंता, ते मी पाहिलं. गावातल्या सगळ्यांनी पाहिलं.

पिंकीविना क्लब हरला. तुला पुढे कितीतरी सामने बाकावर बसवलं. आणि पिंकी सगळ्या मुलींसमोर तुला म्हणाली, "आजपासून तू माही कोनी नाई." हे तिनं मला स्वतः सांगितलं, कालच.

तिला घरी आणल्यावर नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला असता तर पोरगी मैदानावरून उठली नसती, असंही होऊ शकलं असतं. हे ऐकून बाबा बाहेर जाऊन पायरीवर बसले. पुढचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. खिडक्यांना माझी जुनी लुगडी बांधली, मिक्सर बंद करून पाट्यावर वाटलं, कुकरची शिट्टी काढून ठेवली. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि तुझं नाव निघालं की उठून आत जायची. संध्याकाळची वंदना मात्र मी सोडली नाही. ती चुकायची, मी सुधारायचे नाही. बुद्धाला काय घाई आहे? आधी दुसऱ्या शिलापर्यंत, मग तिसऱ्यापर्यंत. मग चालणं, मग शाळेच्या मैदानावर सावकाश पळणं, मग बाबा हातानं चेंडू टाकायचे. नेम त्यांचा असा की निम्मे चेंडू नालीत जायचे. एक दिवस पिंकी हसली तेव्हा मी रांधणीत होते, तिथेच डोळ्याला पदर लावला.

क्लबच्या मॅनेजरांना मी दर आठवड्याला फोन केला. जास्त बोलले नाही. म्हटलं, माझ्या वहीत प्रत्येक खर्चापुढे एक नाव असतं, कोणी केला त्याचं. माझ्या मुलीला मैदानाबाहेर काढायचं काम कोणाचं, मला एकच नाव सांगा. पहिल्यांदा त्यांनी चार नावं सांगितली. मी म्हटलं, चार म्हणजे कोणीच नाही. शेवटी गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, आवाज बराच मऊ होता. आता प्रत्येक सामन्याला क्लबची डॉक्टर हजर राहणार, खेळवायचं की नाही तीच ठरवणार, आणि तिच्यावर प्रशिक्षकाचं चालणार नाही. नाव सांगितलं, मी लिहून घेतलं. पाच शब्दसुद्धा दरवेळी बदलणार म्हणे. त्यांना हे सुचायला तुला बाकावर बसावं लागलं, हे मी त्यांना ऐकवलंच.

आणि कालची गोष्ट. काल पौर्णिमा, विहारात गर्दी. पिंकी आपणहून पुढे गेली आणि म्हणाली, वंदना मी घेते. मी हातातली खिरीची वाटी खाली ठेवली. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्यापाशी ती थांबली. मुसावादा, खोटं न बोलण्याचं शील. मला वाटलं गेलं पुन्हा. पण ती विसरली नव्हती. तिनं श्वास घेतला आणि तेवढं एकच शील इतक्या मोठ्यानं म्हटलं की मागच्या बाया वळून पाहायला लागल्या. शेवटपर्यंत नीट म्हटलं. घरी येताना, नाल्यावरच्या कल्व्हर्टपाशी, एकदम म्हणाली, "आई, फुलवंताचा पलंग अजून खिडकीपाशीच असन का?" आणि मग ते तुला जे बोलली होती ते सांगून रडली, मनसोक्त.

तर हे पत्र एवढ्यासाठी. नागपूरच्या डॉक्टरांनी सकाळीच फोनवर सांगितलं, पिंकी पूर्ण बरी आहे, जूनच्या शिबिराला जाऊ दे. ती तयार आहे, पण तुला विचारायचं धाडस तिला होत नाही, आणि तुझ्या बाजूचा पलंग नसेल तर ती निघणार नाही. तू सगळं सामान पाठवलंस, अगदी गिलासही. हातमोजे तेवढे ठेवून घेतलेस. विसरून राहिले म्हणून नाही, हे मला खोका झटकतानाच कळलं होतं. ते पाठवू नकोस. असतील त्या खिळ्यावर असू देत, ती येऊन घेईल. फक्त बाजूच्या पलंगावर तिला जागा देशील का, तेवढं कळव. हो असेल तर एका कार्डावर नुसतं हो लिही, पण फोन करू नकोस. उलट टपाली तुझ्या अक्षरात, पाकिटात घालून पाठव. पिंकीला ते मी दाखवणार नाही, तिच्याच हातात देणार आहे, फोडून वाचायला.

तुझीच,
अल्काकाकू