बियाण्याचे वाल

आई, आज सकाळी मी शेजारच्या मावशीवर चोरीचा आळ घेतला, तुझ्या वालांवरून. तू गेल्यावर परस इतकी वर्षं ओसाडच होता. गुडघ्यांनी मोर्चे बंद केले म्हणून यंदा मी वाल लावले. पेरायला दाणे मावशीनेच दिले, "तुझ्या आईच्या वाणाचे" म्हणून. वेल छान वाळले, पण बुडाकडच्या चांगल्या शेंगा रोज कमी होत होत्या. मला उंदीर आठवले नाहीत, पाखरं आठवली नाहीत; माणूसच आठवला. जमिनीच्या लढ्यात आयुष्य काढल्यावर कुंपणावरून आलेला कुठलाही हात मला सरळ वाटत नाही.

म्हणून आज दव असतानाच न्हाणीमागे उभा राहिलो. उजाडताना मावशी आली, पदराचा ओचा केला आणि सावकाश शेंगा खुडू लागली. चोर इतक्या सावकाश खुडत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी सुरू झालो. शेजारधर्म, विश्वास, कष्टकऱ्याचं बियाणं, सगळं काढलं. रस्त्यावरून न्हावा शेवा बंदराचे कंटेनर चालले होते, त्यांच्यावर आवाज चढवला. तिने मला पुरतं बोलू दिलं.

"झालं भाषण?" ती म्हणाली. "तुझ्या आयशीनंच सांगितलंय. बियाण्याच्या शेंगा दवात तू काढ, उन्हात तडकतात. आनि ठेवनीचं बियाणं त्याचे हातात देऊ नको."

मला आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं, तर म्हणाली, मग तू वाद घातला असतास. घरातून तिने डबा आणून दाखवला. राखेत घोळलेले दाणे, तू ठेवायचीस तसेच.

माझ्या हातात का नाही, हे तिला ठाऊक नाही. मला मात्र संशय आहे. तू ताईच्या बाळंतपणाला गेली होतीस, तेव्हा आपल्याकडे कार्यकर्त्यांचं शिबिर होतं. मी फळीवरचा डबा काढला, वाल भिजवले, मोड आणले, सोलले आणि सगळ्यांना बिरडं खाऊ घातलं. बियाणं वाचवा, यावर त्याच दुपारी मी तासभर बोललो होतो. मग बाजारातून वाल आणले, चुलीतली राख चोळली आणि डबा जागेवर ठेवला. तू तेच पेरलेस. पुढच्या हंगामात पहिलं बिरडं वाढताना म्हणालीस, "यंदा कडू कमी लागतात." मी पावसावर ढकललं. अजून डोळ्यांपुढे आहे: तू माझ्याकडे पाहतेस, मी पानाकडे पाहतो आहे. दुसरा घास घेतलाच नाहीस.

तेव्हा तुला कळलं होतं का? कळलं असेल, तर पूर्वी मावशीला दिलेला जुना वाण तिच्याकडून परत मागून घेतलास का? की तू आणि तुझ्यानंतर ती, दोघींनी इतकी वर्षं माझे बाजारचे दाणेच राखेत जपले? मावशीला एक प्रश्न विचारला की उलगडा होईल. भरसभेत साहेबांना उत्तरं मागणारा मी, कुंपणापलीकडे तेवढं विचारू शकलो नाही.

दुपारी मी तिच्याकडे जाऊन माफी मागितली. फक्त चोरीचा आळ घेतल्याची.