सोमवारचा एमआरआय, गुरुवारची सोनोग्राफी

सोमवार, ३
नवी नोकरी, ऐसपैस खोली, खिडकीतून ऊन. लग्नानंतर सात वर्षांनी दिवस गेलेत, पाचवा महिना. बाळ दिवसभर लाथा मारतं. मजेत आहे मी.

काम सोपं. पोटातल्या बाळाच्या मेंदूतला दोष कोणत्या तपासणीत नीट दिसतो, ते ठरवायचं. आठवड्याला एक गरोदर बाई. सोमवारी एमआरआय, तो मी वाचणार. गुरुवारी सोनोग्राफी, ती तळमजल्यावरची म्हातारी डॉक्टर करणार. शुक्रवारपर्यंत एकमेकींचे रिपोर्ट बघायचे नाहीत. म्हातारी जेलची बाटली काखेत धरून गरम करते. काही वाईट दिसलं की स्क्रीन स्वतःकडे वळवते म्हणे. कसली नाटकं. हिच्याशी माझी तुलना.

शुक्रवार, ७
हसावं की रडावं? माझ्या चित्रात मेंदू सुरेख. डावीकडे एक वाकडी घडी, बास. म्हातारीने लिहिलंय, कवटीत नुसतं पाणी. डोळे तपासून घ्या, असं तिला तोंडावर सुनावलं. म्हणाली, तुमचंही बरोबर, माझंही.

शुक्रवार, १४
दुसऱ्या बाईचंही तेच. मी सुरेख, ती पाणी. म्हणून पहिल्या बाईचा एमआरआय पुन्हा केला. पाणीच निघालं.

आणखी एक. दुसरीचं बाळ अठरा आठवड्यांचं, मेंदू मात्र चोवीस आठवड्यांचा दिसतो. डावीकडे तीच वाकडी घडी. चित्रं एकावर एक ठेवली, घडी तंतोतंत जुळते. मशीनच भिकार, जुनं चित्र साठवत असणार.

म्हातारी म्हणते, एकच बाळ पोटं बदलतंय. येतं, आतलं खातं, वाढतं, पुढच्या पोटात जातं. ही म्हणे डॉक्टर. येत्या सोमवारी कुणी बाई नाही. मीच मशीनमध्ये झोपते आणि हिचं तोंड बंद करते. तिने माझा हात धरला, नका म्हणाली. मी झटकला.

सोमवार, १७
माझं बाळ एकवीस आठवड्यांचं. चित्रातला मेंदू तिसाचा. डावीकडे घडी.

मशीनचा दोष. दोषच. नवऱ्याला सांगितलं, सगळं छान आहे.

मंगळवार, १८
मशीन दुरुस्त करणारा येऊन गेला. म्हणतो, यात जुनं काही साठतच नाही. मूर्ख — लाथा फार जोरात बसतायत. अशा कधीच नव्हत्या.

बुधवार, १९
सकाळपासून लाथ नाही. झोपलं असेल. झोपतात बाळं —

गुरुवार, २०
तळमजला. वही छातीवर धरून पडलेय. म्हातारीने काखेतली बाटली काढली. जेल कोमट आहे. बरं वाटलं.

सगळं दाखवा म्हटलं, मी डॉक्टर आहे. बरं म्हणाली.

ठोके आहेत. दिसतायत मला. आता डोक्याकडे — तिने स्क्रीन