फेलिसाच्या गोळ्या

इताउगुआ, ८ ऑगस्ट

ती. देओलिंदाताईस,

क्रिस्पिना हात जोडून आशीर्वाद मागते. (तू थोरली बहीण, शिवाय माझ्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहिलेली, म्हणून दोनदा मागते. या खेपेला एकाने भागायचं नाही.) ब्युनोस आयर्सची थंडी ओसरली का? तुझा खोकला? भावजींची पाठ? त्यांना म्हणावं, शिडीवर चढायचं वय गेलं. इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. आपल्या घरात निरोप आला की फोन मधल्या खुर्चीवर ठेवून अख्ख्या अंगणाला ऐकवतात, हे तू विसरलीस वाटतं. शेजारची बासिलिसा शुक्रवारी तिकडे निघाली आहे, तिच्या हाती हे देते. अक्षर बघून चकित झाली असशील. नाताळात पाठवलेलं पत्र तू परत फोन करून वाचून घेतलं होतंस, कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतंय म्हणाली होतीस. आता बघ, ओळ सरळ, काना सरळ. पण कौतुक करू नकोस. हे अक्षर माझं नाही, आपल्या फेलिसाचं आहे. म्हणजे हात माझाच, पण हक्क तिचा. नीट सांगते.

आम्हा दोघींच्याही बोटांना संधिवाताने धरलं, हे तुला माहीत आहेच. नशीब बघ, आईने तीन मुलींत कानातले वाटले तेव्हा मला काही आलं नाही, हे मात्र आलं. आसुन्सिऑनच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर फ्रुतोसबाईंनी सांगितलं की आपल्या अंगात राखणदार असतात आणि या आजारात ते बिथरून घरच्यांवरच तुटून पडतात. (बाबांचा पिंटा आठवतो? चोरांपुढे शेपूट हलवायचा आणि बाबांना चावायचा. तसंच.) आता नवी गोळी निघाली आहे. ती राखणदारांना मारत नाही, त्यांना चिथावणारी हाक मध्येच अडवते. तिची पारख चालली होती आणि बाई माणसं शोधत होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण नुसत्या पिठाची. कुणाला कुठली, ते बाईंनाही ठाऊक नाही, ते लखोट्यात बंद. फेलिसा बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे देणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि याला शास्त्र म्हणायचं! मग आपले आमदार काय वाईट?" पण सही केली. दोघींनी केली. नाव घातलेल्या दोन डब्या घेऊन आम्ही बसने घरी आलो.

आता माझं ऐक. पहिल्या तीन आठवड्यांतच मला फरक वाटला. सकाळी मूठ वळू लागली. बाईंनी हात हातात घेऊन एकेक सांधा दाबून विचारपूस केलेली, इतकी तर लग्न झाल्यापासून कुणी केली नव्हती. फेलिसाला मात्र काही नाही. मी रोज विचारायची आणि ती म्हणायची, "अगं, बारा आठवडे लागतील म्हणाल्या ना बाई? कसावा शिजायलासुद्धा तास लागतो, तू झाकण किती वेळा उघडणार?" पण मला धीर कुठला. मी ताडलं, खरी गोळी माझ्या वाट्याला आली आणि पीठ तिच्या.

आणि ताई, तुला माहीत आहे आम्हा दोघींत विणणारी कोण. मी चौकटीवर बसते आणि न्यांदुती विणते म्हणजे टेबलावर पसरायला बरी अशी एक जाळी होते. फेलिसा विणते तेव्हा बायका श्वास रोखून बघतात. तिचं पेरूचं फूल गावात दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. वर्षभरापासून तिची चौकट भिंतीला टेकून उभी होती, अर्ध्या फुलावर थांबलेली. रोज झाडताना मी तिच्यावरची धूळ पुसायची. म्हणून मी ठरवलं. दुपारी सगळं गाव झोपतं त्या वेळी मी दोन्ही डब्या उघडल्या आणि माझ्या गोळ्या तिच्या डबीत, तिच्या माझ्या डबीत केल्या. पुढच्या चार महिन्यांच्या डब्या एकदम आल्या तेव्हाही. कुणाला बोलले नाही. खरं सांगू? थोडी मायाही होती आणि थोडा दिमाखही. कधीतरी हे उघडकीला येईल आणि सगळे म्हणतील, केवढं मोठं मन क्रिस्पिनाचं, असं मी भांडी घासताना मनाशी रंगवायची.

त्यानंतर माझे हात खरोखर सुधारले. वाटणं निराळं आणि सुधारणं निराळं, हे मला तेव्हा कळलं. सूज उतरली, अंगठी फिरू लागली. मला वाटलं, परोपकाराचं फळ. आणि फेलिसा ढासळली. तिसऱ्या महिन्यात तिला ब्लाउजची बटणं लावता येईनात, मी लावून द्यायची. लावताना माझी बोटं किती सरसर चालतात ते तिला दिसू नये म्हणून मुद्दाम सावकाश लावायची. गुडघा सुजला, ताप आला. शेवटी बाईंनी तिला पारखेतून काढलं आणि तिचा लखोटा फोडला. मी शेजारीच बसले होते. बाई फार हळहळल्या. म्हणाल्या, "फेलिसाबाई, तुम्हाला खरंच औषध मिळत होतं हो. तुम्हाला ते लागू पडत नाही. यापुढे हे देऊन उपयोग नाही." आणि तसं कागदावर लिहिलं.

ताई, म्हणजे खरी गोळी पहिल्यापासून तिच्या डबीत होती. पीठ माझ्या, नाहीतर गोळ्या बदलल्यावर ती अशी ढासळती का. मी पिठावर बरी झाले होते. (आडून आडून विचारलं तर बाई म्हणाल्या, पहिल्या महिन्यात काहींना नुसत्या आशेनेच बरं वाटतं. लाज वाटली.) बहिणीच्या तोंडचं औषध काढून मी तिला पीठ चारलं आणि वर स्वतःला मोठ्या मनाची म्हणवून घेतलं. उंटावरून शेळ्या हाकणारे परवडले, निदान शेळ्या तरी आपल्या वाटेने जातात.

बाहेर आल्यावर फेलिसा बाकावर बसली आणि म्हणाली, "बघ, जे सगळ्यांना चालतं ते मलाच चालत नाही." एवढंच. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तुझं मात्र बरं चाललंय हो, पीठ असो की औषध, तू आपली चिवट." मी तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण समोरून बस आली आणि मी बसचा नंबर वाचून दाखवला.

या गोष्टीला आज तेवीस दिवस झाले. गोळ्या बदलल्या ती चूक मायेने झाली, तिच्यासाठी देव मला थोडंफार झापून सोडून देईल. पण हे तेवीस दिवस निव्वळ माझे आहेत. कारण बोलले तर माझ्या डब्यांत उरलेल्या तिच्या खऱ्या गोळ्याही जाणार. मी सकाळी चौकटीवर बसते, सुई जाते तिथे जाते, गेल्या आठवड्याच्या गावजत्रेत माझ्या जाळीपुढे बायका थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा थांबल्या, ताई. आणि फेलिसा मागे उभी राहून त्यांना सांगत होती, "माझ्या बहिणीचं काम आहे." मला फार वाईट वाटतं. रोज वाटतं, आणि रोज मी गोळी घेते.

तिकडे बाईंच्या तक्त्यातही दोन बायका उलट्या लिहिल्या गेल्यात. त्या कागदावर विसंबून उद्या कुणा परक्या बाईलाही औषध नाकारतील. पण खोटं कशाला बोलू, मला परक्या बाईची नाही, फेलिसाचीच काळजी आहे. तो कागद दुरुस्त झाला नाही तर हे औषध तिला कधीच कुणी देणार नाही.

भावजींना नमस्कार, मुलांना पापे. तुझी चुकलेली,

क्रिस्पिना

ता. क. — वर सगळं सहज खुशालीसाठी लिहिलंय असं वाटलं असेल, तर तसं नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता माझी तपासणीची पाळी आहे. रविवारपर्यंत तू ये. फेलिसाला तूच सांग. तुझ्यावर ती रागावत नाही, आणि तू समोर असलीस की माझ्यावरही फार वेळ रागवायची नाही. नंतर बाईंकडे मी जाईन. शप्पथ.

ता. क. २ — येताना बसचं आधी बघून ठेव. न जमलं तर राहू दे, मी आणखी एक महिना थांबते. (हे खोडणार होते. नाही खोडत. कशी झालेय मी, ते तुला कळू दे.)

ता. क. ३ — ताई, मी फेलिसा. पेन अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून लिहितेय म्हणून थोडक्यात. पाकीट चिकटवायला हिने माझ्या पातेल्यातली, जाळीला लावायची खळ घेतली. ती वाळायला दिवस लागतो, हे चाळीस वर्षं विणून हिला कळलं नाही. बासिलिसाकडे द्यायला उचललं तर आपसूक उघडलं. सगळं वाचलं. सोमवारी हिला बाईंकडे मीच नेते. तू येऊ नकोस. तू आलीस की मला हिला माफ करावं लागेल, आणि अजून थोडे दिवस मला ते करायचं नाही.