पप्पांचं वर्ष

५ मार्च
देबोराताईचा फोन. पप्पा काल गेले. आज पुरलंसुद्धा — आम्हा यहुद्यांत थांबत नाहीत. माझा फोन बंद होता. मी बेकरीत पाव भाजत होतो. ते आर्जेन्टिनात, मी इथे लॉस एंजेलिसला.
शोकात अंगातला शर्ट फाडायचा असतो. कार्यक्रमाचा एकच आहे. आतला बनियन फाडला. कुणाला दिसत नाही.

७ मार्च
बँडची तालीम. सांगायचं ठरवून गेलो, सांगितलं नाही. आमच्यात बाप गेला की वर्षभर वाजवायचं नाही. आजोबा गेले तेव्हा पप्पांनी अ‍ॅकॉर्डियन कपाटात ठेवला. लग्नाची एक सुपारी घेतली नाही, गोण्या उचलल्या. मी सांगितलं तर मिरेया माझ्या जागी दुसरा अ‍ॅकॉर्डियनवाला बसवेल. बँड तिचा, आणि मेमध्ये रेकॉर्डिंग. तिचे क्यूबातले आजोबा सिनेगॉगमध्ये गायचे, तिला यातलं सगळं कळतं.
ती म्हणाली, "पप्पा कसे आहेत?"
मी म्हटलं, "मजेत."
मजेत!

१६ मार्च
दाढी केली. करायची नसते. कद्दीशही म्हटलं नाही, मुलाने बापासाठी सिनेगॉगमध्ये रोज म्हणायची प्रार्थना.

२ एप्रिल
कार्यक्रम. पप्पांचं चामामे वाजवलं, आमच्याकडचा नाच. मधेच आजीच्या लग्नातली यिद्दिश धून घुसवली. सावूल कोंगा ढोल बडवत होता. तो मेक्सिकोचा यहुदी, तोंड कधी बंद नसतं, मला गाउचो म्हणतो, म्हणजे आमच्याकडचा गुराखी. "गाउचो, रडवतोयस का नाचवतोयस? ठरव एकदा, हाताला फोड आले."
लोक नाचले. मीही पाय आपटत होतो. पोटासाठी वाजवतो, असं मनाला सांगता येतं. पण मला मजा आली त्याचं काय करू?

११ मे
रेकॉर्डिंग झालं. मिरेया म्हणाली, "पप्पांची धून आहे. रेकॉर्डच्या पाकिटावर त्यांच्यासाठी काय लिहू?"
"काही नको. लाजतील ते."
तिने पेनाला टोपण लावलं.

१२ मे
सावूल बेकरीत आला. म्हणाला, "तुझे पप्पा मोशे. पण कुणाचा मुलगा? प्रार्थनेत नाव नीट घ्यायचंय."
मी पावाचा ट्रे खाली ठेवला.
"तुझा फोन लागेना म्हणून ताईने मिरेयाला केला होता, तिने मला सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी तुझ्या जागी कद्दीश मी म्हणतोय. तू सांगशील म्हणून थांबलो रे."
मी म्हटलं, "लेव्हीचा. मोशे, लेव्हीचा मुलगा. उद्यापासून मी जातो. तू नको येऊस."
"न येऊन कसं चालेल, गाढवा? कद्दीशला दहा माणसं लागतात. मला धरून नऊच होतात, दहावा रोज रस्त्यावरून ओढून आणतो."